तक्रार ऐकली जावी म्हणून : ए. फिलिप रँडॉल्फ यांचे जीवन



अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांच्या घरगुती बोलण्यात एक विषय वरचेवर निघतो, पण विहारातल्या कार्यक्रमात तो सहसा निघत नाही. कचेरीतला एखादा भारतीय सहकारी आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग घरात कोणत्या देवाचा फोटो आहे ते विचारतो. जात कळली की कामाची वाटणी बदलते, बैठकीचे निमंत्रण यायचे थांबते, बढतीच्या यादीतून नाव गळते. अशा वेळी तक्रार करावी का? कोणाकडे? केली तर नोकरीचे काय, व्हिसाचे काय, आणि आजवर झाकून ठेवलेली ओळख उघडी पडेल त्याचे काय?

नोकरीतल्या भेदभावाची तक्रार लिहून घेणारी सरकारी कार्यालये या देशात आहेत. ती कोणा सज्जन राज्यकर्त्याच्या मनात आले म्हणून उघडली नाहीत. त्यामागे रेल्वेच्या डब्यात बूट पुसणाऱ्या आणि बिछाने घालणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांची चळवळ आहे. त्या चळवळीचे पुढारी असा फिलिप रँडॉल्फ यांचे जीवन आपण या अंकात समजून घेऊ.

बालपण

रँडॉल्फ यांचा जन्म १५ एप्रिल १८८९ रोजी फ्लोरिडातील क्रेसेंट सिटी या लहान गावी झाला. वडील जेम्स आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे धर्मोपदेशक होते. चर्चच्या उत्पन्नात घर चालत नसे म्हणून ते शिंपीकामही करीत. आई एलिझाबेथ यांच्याही हातात शिवणकला होती. पुढे हे कुटुंब जॅक्सनव्हिलला आले. घरात पैसा नव्हता, पण वाचन होते आणि मान खाली घालायची नाही ही शिकवण होती.

त्यांच्या लहानपणची एक हकिकत प्रसिद्ध आहे. गावच्या तुरुंगातल्या एका कृष्णवर्णीय कैद्याला गोऱ्यांचा जमाव बाहेर काढून मारणार अशी बातमी आली. वडील इतर माणसांना घेऊन तुरुंगावर पहाऱ्याला गेले. आई त्या रात्री मांडीवर बंदूक ठेवून घरात बसून राहिली. त्या कैद्याचा जीव वाचला. चारजण एकत्र उभे राहिले तर जमावही परत जातो, हे त्या मुलाने घरातच पाहिले.

जॅक्सनव्हिलच्या कुकमन इन्स्टिट्यूटमधून १९०७ साली ते वर्गात पहिले आले. पण दक्षिणेत कृष्णवर्णीय तरुणाला शिक्षणाच्या तोलाची नोकरी मिळत नसे. मिळेल ते काम करीत चार वर्षे गेली आणि १९११ साली ते न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. त्यांना नट व्हायचे होते. आईवडिलांना ते पसंत नव्हते, म्हणून तो विचार सोडला. पण त्या तयारीत घडलेला भारदस्त आवाज आणि स्वच्छ उच्चार जन्मभर उपयोगी पडले. दिवसा काम करून संध्याकाळी ते सिटी कॉलेजात अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र शिकू लागले.

याच काळात, १९१३ ते १९१६ या वर्षांत, बाबासाहेब हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. एकाच शहराच्या एकाच भागात दोन तरुण जवळजवळ एकाच प्रश्नाचा अभ्यास करीत होते : जन्मावरून माणसाचे काम ठरवणारी व्यवस्था मोडायची कशी?

हार्लेममध्ये रँडॉल्फ यांचा विवाह ल्युसिल ग्रीन यांच्याशी झाला. त्या हॉवर्ड विद्यापीठात शिकलेल्या, विधवा आणि स्वतःचे केशरचनेचे दुकान चालवणाऱ्या होत्या. पुढची कित्येक वर्षे त्यांच्याच कमाईवर संसार चालला. नवऱ्याच्या मतांमुळे गिऱ्हाइके तुटली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. रमाईंच्या कष्टांची आठवण ज्यांच्या मनात आहे, त्यांना ल्युसिल यांचे मोल वेगळे सांगायला नको.

१९१७ साली मित्र चँडलर ओवेन यांच्याबरोबर रँडॉल्फ यांनी 'द मेसेंजर' हे मासिक काढले. युद्धाविरुद्ध लिहिल्या-बोलल्याबद्दल १९१८ साली दोघांना क्लीव्हलंड येथे अटक झाली. इतके चांगले लिखाण ही कृष्णवर्णीय पोरे करूच शकत नाहीत, त्यामागे कोणी गोरा असणार, अशी न्यायाधीशांची समजूत झाली आणि त्यांनी दोघांना सोडून दिले. ज्या पूर्वग्रहाविरुद्ध ते लिहीत होते, त्या पूर्वग्रहानेच त्यांची सुटका केली!

पुलमन गाडीतला पोर्टर

त्या काळी लांबच्या प्रवासासाठी पुलमन कंपनीचे झोपण्याचे डबे रेल्वेला जोडले जात. त्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या माणसाला पोर्टर म्हणत. सामान उचलणे, बिछाने घालणे, बूट चकचकीत करणे, रात्री घंटी वाजली की धावणे ही त्याची कामे. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना कंपनीने या कामावर घेतले. सेवा करणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे असा त्यामागचा हिशेब होता. १९२० च्या दशकात पोर्टरांची संख्या बारा हजारांच्या आसपास होती.

महिन्याला सुमारे चारशे तास काम असे. १९२५ च्या सुमारास किमान पगार महिना साडेसदुसष्ट डॉलर होता. गाडी सुटण्यापूर्वी डबा तयार करण्याच्या वेळेचे पैसे मिळत नसत. जेवण आणि बूट-पॉलिश स्वतःच्या खिशातून. पगार अपुरा असल्याने प्रवाशाच्या बक्षिसीवर अवलंबून राहावे लागे आणि त्यासाठी हसरा चेहरा ठेवावा लागे. पोर्टरला कोणी त्याच्या नावाने हाक मारीत नसे. मालक जॉर्ज पुलमन, म्हणून प्रत्येक पोर्टर हा जॉर्ज. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी रीत तशीच चालू राहिली होती.

आणि पोर्टर कितीही हुशार, कितीही अनुभवी असला तरी तो कंडक्टर होऊ शकत नसे. ती जागा गोऱ्यांची. काही गाड्यांवर कंडक्टरचे काम पोर्टरकडूनच करून घेत, पण पद आणि पगार देत नसत.

हे वाचताना आपल्याला आपली रेल्वे आणि आपल्या गिरण्या आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हीच गोष्ट रेल्वेबद्दल मांडली. आपला माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. स्टेशनवरचा पोर्टरही तो होऊ शकत नाही, कारण स्टेशनमास्तर त्या पोर्टरकडून घरकाम करून घेतात आणि घरात अस्पृश्य चालत नाही. अमेरिकेत पोर्टरपण पाठ सोडीत नव्हते आणि इकडे ते मिळतही नव्हते. दोन्हीकडे वरची जागा मात्र जन्मानेच ठरलेली होती.

न हाकलता येणारा माणूस

पोर्टरांनी यापूर्वी संघटना बांधण्याचे प्रयत्न केले होते. पुढे येणाऱ्याला कंपनी कामावरून काढी, म्हणून ते मोडले. कंपनीने स्वतःच्या मुठीतली एक कामगार समितीही तयार केली होती. गाऱ्हाणे तिच्यापुढे मांडायचे आणि निकाल कंपनीनेच द्यायचा. अ‍ॅशली टॉटन नावाच्या पोर्टरने १९२५ साली रँडॉल्फ यांना गाठले. टॉटन यांचा विचार सरळ होता. रँडॉल्फ पोर्टर नाहीत, कंपनीचा पगार घेत नाहीत, तेव्हा कंपनी त्यांना काढू शकत नाही.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेममधील एल्क्स हॉलमध्ये सभा झाली. सुमारे पाचशे लोक आले होते. त्यांत कंपनीचे खबरेही असणार हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून प्रार्थना रँडॉल्फ यांनीच म्हटली, भाषण त्यांनीच केले, ठरावही त्यांनीच मांडले. एकाही पोर्टरला तोंड उघडावे लागले नाही, त्यामुळे खबऱ्यांना कंपनीला कळवायला एकही नाव मिळाले नाही. त्या रात्री 'ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स' ही संघटना जन्मली.

पुढची बारा वर्षे सोपी नव्हती. संघटनेचे सभासद असल्याच्या संशयावरून माणसे कामावरून गेली. तेव्हा बायकांनी मोठे काम केले. वॉशिंग्टनमध्ये रोझिना टकर पोर्टरांच्या घरोघर जाऊन गुपचूप वर्गणी गोळा करीत आणि पत्रके पोहोचवीत. हे कंपनीला कळले आणि त्यांच्या नवऱ्याला काढले. रोझिना थेट अधिकाऱ्याच्या खोलीत गेल्या. माझ्या कामाची शिक्षा माझ्या नवऱ्याला का, याचा जाब त्यांनी विचारला आणि नवऱ्याची नोकरी परत मिळवली.

संघटनेने कायद्याचे दारही ठोठावले. बक्षिसीवर जगायला लावणारी पद्धत बंद करावी म्हणून १९२७ साली आंतरराज्य व्यापार आयोगाकडे रीतसर तक्रार दाखल केली. हा विषय आमच्या अधिकारात बसत नाही असे सांगून आयोगाने १९२८ साली ती निकालात काढली. त्याच वर्षी संपाची हाक दिली, पण सरकारच्या मध्यस्थ मंडळाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि संप मागे घ्यावा लागला. सभासद भराभर गळाले. त्यानंतर जगभर मंदी आली. कार्यालयाची वीज तुटली, टेलिफोन बंद झाला. रँडॉल्फ झिजलेल्या कोटात फिरत. तरी त्यांनी काम सोडले नाही.

या पराभवातून ते एक गोष्ट शिकले. गाऱ्हाणे खरे असून भागत नाही. ते ऐकणे ज्याला कायद्याने बंधनकारक आहे असा कोणीतरी असावा लागतो. १९३४ साली रेल्वे कामगार कायद्यात दुरुस्ती झाली, पुलमन कंपनी त्याच्या कक्षेत आली आणि कंपनीच्या मुठीतल्या संघटनांना बंदी झाली. १९३५ साली पोर्टरांनी मतदानाने ब्रदरहुडला आपला प्रतिनिधी निवडले. २५ ऑगस्ट १९३७ रोजी, स्थापनेला बरोबर बारा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, कंपनीने करारावर सही केली. कामाचे तास महिना दोनशे चाळीसवर आले, पगार वाढला. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने मोठ्या अमेरिकन कंपनीशी केलेला हा पहिला करार होता.

मोर्चा न काढता जिंकलेला मोर्चा

१९४० साली दुसऱ्या महायुद्धाच्या तयारीमुळे अमेरिकेत कारखाने धडाडून सुरू झाले. विमाने, जहाजे, तोफा बनवायला माणसे हवी होती. पण कृष्णवर्णीय गेले की दारावरूनच परत पाठवत, फार तर झाडू मारायला घेत. अनेक कामगार संघटनाही त्यांना सभासद करून घेत नसत. रँडॉल्फ आणि इतर पुढारी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना भेटले. शब्द गोड मिळाले, हातात काही पडले नाही.

जानेवारी १९४१ मध्ये रँडॉल्फ यांनी जाहीर केले की दहा हजार कृष्णवर्णीय वॉशिंग्टनवर मोर्चा नेतील. पुढे हा आकडा एक लाखावर गेला. तारीख १ जुलै ठरली. मोर्चा थांबवावा म्हणून एलेनॉर रूझवेल्ट यांनी त्यांची भेट घेतली. १८ जून रोजी राष्ट्राध्यक्षांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. आधी लेखी आदेश काढा, मग मोर्चा थांबवतो, या भूमिकेवरून ते हलले नाहीत.

२५ जून १९४१ रोजी रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ८८०२ काढला. युद्धसाहित्याच्या कारखान्यांत आणि सरकारी नोकऱ्यांत वंश, पंथ, वर्ण किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करता येणार नाही असे त्यात म्हटले होते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भेदभावाच्या तक्रारी घेऊन त्यांची चौकशी करणारी एक समिती नेमली गेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती एफ.ई.पी.सी. म्हणून ओळखली जाते. ब्रदरहुडचे शिकागोतील नेते मिल्टन वेब्स्टर तिचे सदस्य झाले. पुलमन पोर्टरांच्या संघटनेतला माणूस आता देशभरच्या तक्रारी ऐकायला बसला होता.

समितीचे बळ आणि तिची उणीव

समितीने लॉस एंजेलिस, शिकागो, न्यूयॉर्क, बर्मिंगहॅम येथे उघड सुनावण्या घेतल्या. कामगार येऊन सांगत : अमुक दिवशी अर्ज केला, अमुक कारण सांगून परत पाठवले, त्याच दिवशी कमी शिकलेल्या गोऱ्याला घेतले. कंपनीला त्यावर सर्वांसमोर उत्तर द्यावे लागे.

पण समितीला दंड करण्याचा अधिकार नव्हता. १९४३ साली रेल्वे कंपन्यांची आणि गोऱ्या रेल्वे कामगारांच्या संघटनांची चौकशी झाली, समितीने आदेश दिले आणि अनेकांनी ते सरळ धुडकावले. उलट फिलाडेल्फियात १९४४ साली आठ कृष्णवर्णीयांना ट्राम चालवण्याच्या प्रशिक्षणाला घेतले म्हणून गोऱ्या कामगारांनी शहराची वाहतूक बंद पाडली, तेव्हा रूझवेल्ट यांनी सैन्य पाठवले आणि ते आठजण कामावर राहिले. एकच समिती आणि निकाल दोन. फरक इतकाच की एका ठिकाणी तिच्यामागे सत्ता उभी राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी राहिली नाही.

इथे बाबासाहेबांच्या बडोद्याच्या नोकरीची आठवण येते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकीत. कचेरीत पिण्याचे पाणी मिळेना, शहरात राहायला जागा मिळेना. गाऱ्हाणे महाराजांपर्यंत गेले, महाराजांनी ते दिवाणांकडे पाठवले आणि दिवाणांनी असमर्थता दाखवली. सयाजीराव महाराजांची सदिच्छा खरी होती, पण सदिच्छेचा कायदा झालेला नव्हता. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात तळमळीबरोबर आकडे होते, नियम होते आणि नेमक्या मागण्या होत्या. १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी आठ आणि एक तृतीयांश टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना, त्याच युद्धाच्या वर्षांत, एकच काम चालले होते.

आणखी एक धागा आहे. १९४६ साली नॅशनल नीग्रो काँग्रेस या संस्थेने कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. ती बातमी वाचून बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांसाठीही असे पाऊल उचलण्याचा विचार त्यामागे होता. त्या संस्थेचे १९३६ मधले पहिले अध्यक्ष रँडॉल्फ होते. कम्युनिस्ट पक्षाचा तिच्यावरचा ताबा न पटल्याने १९४० साली त्यांनी ते पद सोडले होते.

समितीपासून कायद्यापर्यंत

युद्ध संपले आणि दक्षिणेतल्या खासदारांनी समितीचा पैसा बंद पाडला. १९४६ साली ती संपली. रँडॉल्फ मात्र कायमस्वरूपी कायद्याच्या मागणीला चिकटून राहिले. न्यूयॉर्क राज्याने १९४५ सालीच नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा करून तक्रारी घेणारा आयोग नेमला होता. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. त्याच आयोगाचा आजचा अवतार म्हणजे न्यूयॉर्कचा मानवी हक्क विभाग.

१९४८ साली रँडॉल्फ यांनी वेगळ्या तुकड्यांच्या सैन्यात भरती होऊ नका असे तरुणांना सांगण्याची तयारी जाहीर केली. देशद्रोहाचा आरोप येऊ शकतो हे माहीत असून ते सिनेटच्या समितीपुढे हे बोलले. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला.

कामगार महासंघाच्या अधिवेशनांतही ते वर्षानुवर्षे एकच प्रश्न घेऊन उभे राहत : आपल्याच संघटना कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवतात, त्याचे काय? बाकीचे कंटाळत, रागावत. ते पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहत.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोक जमले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे तो दिवस जगाला माहीत आहे. त्या मोर्चाचे प्रमुख चौऱ्याहत्तर वर्षांचे रँडॉल्फ होते. मोर्चाच्या नावात स्वातंत्र्याच्या आधी नोकऱ्या हा शब्द होता. १९४१ साली न निघालेला मोर्चा बावीस वर्षांनी त्यांनी बायर्ड रस्टिन या सहकाऱ्याच्या मदतीने काढला. ल्युसिल मात्र तो पाहू शकल्या नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले होते.

जुलै १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला. त्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीत वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवला. तक्रारी घेण्यासाठी समान रोजगार संधी आयोग नेमला गेला आणि २ जुलै १९६५ पासून तो काम करू लागला. आपण आज ज्याला ई.ई.ओ.सी. म्हणतो तो हाच.

रँडॉल्फ धर्मोपदेशकाचे पुत्र असले तरी विचाराने मानवतावादी होते. अमेरिकेतील मानवतावादी संघटनेने १९७० साली त्यांचा गौरव केला. १६ मे १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवर आणि बॉस्टनच्या बॅक बे स्टेशनवर त्यांचे पुतळे आहेत. पोर्टर जिथे सामान उचलत, तिथेच.

आपल्यासाठी

त्या कायद्याच्या यादीत जात हा शब्द नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य विभागाने एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून सिस्को कंपनीविरुद्ध दावा केला. कंपनीने आरोप नाकारले, आणि २०२३ साली दोन व्यवस्थापकांवरचा दावा विभागाने मागे घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जात हा शब्द आपल्या कायद्यात घातला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले, पण आजचा कायदा पुरेसा आहे असे सांगून राज्यपालांनी त्यावर सही केली नाही. म्हणून आज अनेक ठिकाणी जातीची तक्रार धर्म, वंश किंवा मूळ देश या शब्दांखाली मांडावी लागते. यादी दगडावर कोरलेली नसते. १९४१ सालच्या आदेशात लिंग हा शब्द नव्हता, १९६४ सालच्या कायद्यात तो आला.

तक्रारीला मुदत असते हेही लक्षात ठेवावे. ई.ई.ओ.सी.कडे साधारणपणे घटनेपासून १८० दिवसांत तक्रार करावी लागते. राज्याचा किंवा शहराचा स्वतःचा कायदा आणि विभाग असेल तर ३०० दिवसांत. केंद्र सरकारच्या नोकरांना ४५ दिवसांत आपल्या खात्यातील समुपदेशकाला गाठावे लागते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाच्या राज्य विभागांची मुदत आता तीन वर्षांची आहे. केंद्रीय कायदा पंधरा किंवा अधिक माणसे असलेल्या कंपनीला लागू होतो आणि व्हिसावर काम करणाऱ्यालाही त्याचे संरक्षण आहे. तक्रारीला फी नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही, पण आधी सल्ला घेतलेला बरा. तक्रार केली म्हणून त्रास देणे हेही त्याच कायद्याने वेगळे बेकायदा कृत्य धरले जाते, आणि त्याचीही तक्रार करता येते.

काय झाले, कोणत्या तारखेला, कोणासमोर, त्याच जागी दुसऱ्याला कशी वागणूक मिळाली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. भगवंतांनी सम्यक वाचेची जी लक्षणे सांगितली, म्हणजे खरे बोलणे, योग्य वेळी बोलणे, हितासाठी बोलणे आणि मनात द्वेष न ठेवता बोलणे, त्यांत चांगल्या तक्रारीचे सारे गुण आले. अन्याय गिळून बसणे म्हणजे क्षांती नव्हे.

राहिला नाव उघड होण्याचा प्रश्न. तक्रार दाखल झाली की दहा दिवसांत मालकाला सूचना जाते, हे खरे आहे. पण त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. पीडित व्यक्तीच्या संमतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था तिच्या वतीने तक्रार दाखल करू शकते, म्हणजे तिची ओळख झाकलेली राहावी. लहान कचेरीत नाव ओळखू येण्याचा धोका उरतोच. तरीही कायद्याने जागा ठेवली आहे, ती कंपनीच्या पगारावर नसलेल्या माणसासाठी. एल्क्स हॉलमध्ये त्या रात्री सगळे ठराव स्वतः मांडणाऱ्या माणसाची जागा हीच होती.

आपल्या मंडळांत निवृत्त झालेले ज्येष्ठ आहेत, वकील आहेत, स्वतःचा व्यवसाय करणारे आहेत, नागरिकत्व मिळालेले आहेत. ज्यांना कोणी नोकरीवरून काढू शकत नाही अशी ही माणसे. बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांच्या मंत्रातला एक शब्द संघटनेचा आहे, तो याचसाठी. जयंतीचा कार्यक्रम आपण उत्तम करतोच. त्याबरोबर प्रत्येक मंडळाने दोन-तीन अशी माणसे नेमावीत, ज्यांच्याकडे कचेरीत नुकताच अपमान सोसून आलेला तरुण किंवा तरुणी त्याच आठवड्यात जाऊ शकेल, आणि जे त्याचे म्हणणे लिहून घेतील, मुदत मोजतील आणि गरज पडली तर स्वतःच्या नावाने पुढे होतील.

जय भीम! नमो बुद्धाय!